ओढ्याच्या अलीकडे

गावातल्या बायका विचारतात, पुण्याला जाऊन काय पाहिलंस? मी सांगते, एक ओढा पाहिला. मग त्या हसतात. पाच दिवस राहून आलीस, जाता-येता गाडीत पाय आखडून घेतलेस, आणि पाहिलंस काय, तर ओढा? ओढा आपल्या शेतामागंही आहे की. आहे ना बाई, कोण नाही म्हणतं. पण आपल्या ओढ्यानं आजवर कॉम्प्युटरला चकवलेलं नाही. त्या ओढ्यानं चकवलं, आणि ते मी या डोळ्यांनी पाहिलं. म्हणून वहीत लिहून काढते आहे. विहारात वाचून दाखवीनच, पण ज्यांना यायला जमणार नाही त्यांनी वही घरी न्यावी. फक्त तिच्यावर चहाचा कप ठेवू नये.

तुम्ही मला ओळखता, पण वही फिरत फिरत कुणा परक्याच्या हाती गेली तर म्हणून सांगते. मी शिवणकाम करते. शाळा सातवीपर्यंत. शिवण मला कुणी शिकवलं नाही; जुनी पोलकी उसवून उसवून शिकले. शिवलेलं कापड नुसतं बघून काही कळत नाही. उसवलं की शिवणारीनं कुठं काय केलं, कुठं चोरटा टाका घातला, सगळं बाहेर येतं. आमचं गाव पैनगंगेच्या काठी. नदीच्या या अंगाला विदर्भ, त्या अंगाला मराठवाडा. माझं सासर या काठाला, माहेर त्या काठाला. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागेल.

माहेरी माझा धाकटा भाऊ, आणि त्याची मुलगी संघमित्रा, आमची मित्रा. ती पुण्यात नोकरीला आहे. तीन वर्षं तिचं फोनवर एकच टुमणं, आत्या, एकदा येऊन जा. मी म्हणायची, वर्षावास संपू दे. भिक्खू पावसाळ्यात प्रवास करत नाहीत, मग मी का करावा? यंदा वर्षावास संपला, आश्विन पौर्णिमेला विहारात खीर झाली, आणि मित्रानं परस्पर तिकीट काढून पाठवलं. माझ्याकडे दुसरा बहाणा तयार नव्हता.

सदाशिव पेठ

मंगळवारी सकाळी पोचले. मित्राला लवकर कामावर जायचं होतं, म्हणून तिनं पत्ता लिहून दिला होता. रस्ता खणून ठेवलेला, त्यामुळे रिक्षावाल्यानं मला गल्लीच्या तोंडाशीच सोडलं. एका हातात कुरड्यांचा डबा, दुसऱ्या हातात जवसाच्या चटणीची बरणी, खांद्याला पिशवी, अशी मी उभी. कोपऱ्यावर ओट्याशी एक काका पेपर वाचत बसले होते. मी त्यांच्यापुढं पत्ता धरला. पेपर खाली न करता ते म्हणाले, "हौदाच्या अलीकडे, दुसरा जिना."

हौद मला दिसत होता, पण मी नवखी. विचारलं, "कुठून अलीकडे?"

आता पेपर खाली आला. "तुम्ही जिथं उभ्या आहात तिथून, बाई. मी काय हौदात उभा राहून सांगतोय?"

राग यायला हवा होता, पण मला हसूच फुटलं. काका मात्र हसले नाहीत. उठले, कुरड्यांचा डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि दुसऱ्या जिन्यापर्यंत पुढं पुढं चालत आले. तो जिना त्यांचाच होता. मित्राचे घरमालक ते, आपटेकाका. "डबा हलका दिसतो, पण आवाज फार करतो," एवढं बोलून त्यांनी तो वर नेऊन ठेवला आणि पुन्हा पेपरवर जाऊन बसले.

आमच्याकडे पत्ता विचारला तर आधी तुम्ही कोणाच्या, कशाला आलात, जेवलात का, एवढं होतं, आणि मग मिळालेला पत्ता चुकीचाही निघतो. पुण्यात आधी पत्ता, तोही नेमका, आणि बाकीचं काही नाही. पहिल्या दिवशी कोरडं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मला ते आवडायला लागलं. शब्द मोजून देतात, पण दिलेला शब्द कामाचा असतो.

मित्राची खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून बघितलं की खाली नुसती मुलंमुली. पाठीला दप्तर, हातात झेरॉक्सचे गठ्ठे. परीक्षेची तयारी करायला गावोगावची पोरं येऊन राहिली आहेत. दुपारी मित्राच्या मेसमध्ये जेवायला गेले तर शेजारच्या दोन मुली वरणभात कालवता कालवता एकमेकींना नद्यांचे उगम विचारत होत्या. एकीनं पैनगंगेचा बरोबर सांगितला. माझा घास थांबला. म्हटलं, पोरी, मी त्याच नदीचं पाणी प्यालेली आहे. तिनं ताटातली जिलबी उचलून माझ्या ताटात ठेवली.

हिंजवडी

बुधवारी मित्राच्या कंपनीत घरच्या माणसांना आणायची मुभा होती. सकाळी कंपनीची बस आली, आणि पुढं जे काय झालं त्याला प्रवास म्हणणं कठीण आहे. आम्ही गाड्यांच्या गर्दीत बसून राहिलो आणि हळूहळू हिंजवडी आमच्याकडे आली. तिथं काचेच्या इमारतींच्या मधोमध अजून एक म्हसोबा आहे, शेंदूर ताजा. गाव होतं त्याची तेवढी खूण. दारात माझा फोटो काढून गळ्यात ओळखपत्र अडकवलं. त्यात मी चोर दिसत होते, पण जपून ठेवलं आहे.

मित्रा काय काम करते ते मी तिला आजवर चारदा विचारलं होतं. ती म्हणायची, आत्या, डेटा मायनिंग. माहितीतलं खणणं. मला जन्मभर चोळीचा खण माहीत, खणणं कुदळवाल्यांचं. त्या दिवशी मात्र तिनं मला खुर्चीवर बसवलं आणि पडद्यावर आधी एक कोरा नकाशा लावला. त्यावर रस्ते आणले. त्यावर ओढे आणि नाले. मग घरं, मग विहिरी आणि बोअर, मग पावसाळ्यात पाणी साचतं ती डबकी. एकेक थर घालता येतो, काढता येतो. आपण कटिंगचे पातळ कागद एकावर एक ठेवतो ना, पुढा, पाठ, बाही, आणि खालची रेघ वरून दिसते, तस्संच. मी म्हटलं, हे तर मला येतं. तिच्या शेजारी बसणारा मुलगा जोरात हसला. तो इरफान. त्याचं घर भवानी पेठेत, सात पिढ्यांपासून. आजोबा-पणजोबा तांब्याची भांडी करायचे, हा कॉम्प्युटर ठोकतो, असं तोच म्हणाला.

मग त्यांनी ठिपके आणले. हडपसरच्या पुढचा एक भाग होता, गेल्या पावसाळ्यात तिथं तापाची साथ आली होती. ज्या घरात तापाचं माणूस निघालं त्या घराला एक ठिपका. एवढे ठिपके की मोहरी सांडल्यासारखे. यातून माणसाला काय कळणार? पण कॉम्प्युटरला फक्त दोन गोष्टी सांगायच्या. किती पावलांच्या आत असला तर शेजारी म्हणायचं, आणि किती शेजारी जमले तर घोळका म्हणायचं. पुढचं तो आपलं आपण शोधतो. हापशावर बायका उभ्या असतात, त्यातल्या कोण कोण एकत्र आहेत हे लांबून बघणाऱ्याला कळतं ना, तसं. इरफाननं एक बटण दाबलं, आणि मोहरीतून लाल डाग वर आला. माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

एवढ्यावर थांबत नाही तो. घोळक्याच्या आसपास काय काय आहे तेही हुडकतो. जुन्या टायरांचं दुकान आणि तुंबलेलं गटार जवळजवळ असलं की तिथं ताप जास्त, हा नियम त्याला कुणी शिकवला नव्हता, त्यानंच शोधून काढला होता. मी मनात त्याला हात जोडले. दवाखान्यात जाऊन प्रत्येकाला विचारत बसलं तर जे वर्षात कळणार नाही ते ही पोरं चहा थंड व्हायच्या आत काढतात.

लाल डागाच्या बाहेर, ओढ्याच्या दुसऱ्या काठाला, चार-पाच ठिपके एकेकटे पडलेले होते. मी विचारलं, यांना काय म्हणता?

"नॉइज," इरफान म्हणाला. "म्हणजे गोंगाट, आत्या. घोळक्यात बसत नाही तो."

"जी एकटी उभी आहे ती कुठं गोंगाट करते रे?"

त्यानं मित्राकडे बघितलं. मित्रा म्हणाली, आत्या अशीच आहे, तू पुढं चल.

हे सगळं कशासाठी, तेही सांगते. एका ट्रस्टला त्या भागात दवाखाना काढायचा होता. एकच. मधून ओढा जातो. पुण्याकडच्या काठाला बाभूळमळा, बाभळी गेल्या आणि आता तिथं सोसायट्या. दुसऱ्या काठाला विटभट्टी वस्ती, तिथली भट्टीही गेली, नाव राहिलं. गाडीनं जायचं तर पूल बराच लांब. म्हणजे दवाखाना ज्या काठाला होईल त्या काठाचाच होणार. कोणता काठ, हे या नकाशावरून ठरायचं होतं आणि शुक्रवारी सकाळी अहवाल द्यायचा होता. लाल डाग पडला होता बाभूळमळ्यावर.

दुपारी इरफाननं आईनं दिलेला डाळ-मटणाचा दालचा माझ्या पुढं केला. मी जवसाची चटणी काढली. चटणी त्यानं नुसतीच खाल्ली, चमच्यानं, आणि डोळ्यात पाणी आलं तरी थांबला नाही. चांगल्या घरचा मुलगा आहे.

हडपसरच्या पुढं, ओढ्यावर

गुरुवारी त्यांना जागेचे फोटो काढायला जायचं होतं. मी म्हटलं, मीही येते. इरफान मोटारसायकलवर पुढं गेला, आम्ही दोघी बसनं. हडपसर गाठेपर्यंत बसमध्ये एका बाईनं मला ओळखदेख नसताना मेथीच्या चार जुड्या मांडीवर धरायला दिल्या आणि उतरताना एक ठेवून गेली. पुण्यात कोरडेपणा आहे म्हणणाऱ्यांनी बसनं फिरावं.

बाभूळमळ्यात सोसायटीच्या भिंतीला लागून एक मोकळा प्लॉट होता. मित्रा आणि इरफान फोटो काढत होते, आणि मी ओढ्याकडे बघत होते. पलीकडे पत्र्याची घरं, निळे कागद, आणि एका छोट्या इमारतीवर पंचशील ध्वज. विहार. मी म्हटलं, मी वंदना करून येते. मित्रा म्हणाली, पुलावरून जायला फार वेळ लागेल. पण ओढ्यावरून पाण्याचा एक जाड पाईप गेला होता आणि त्याच्या कडेनं दगड टाकलेले होते. मी साडी खोचली. तिसऱ्या दगडावर पाय घसरला, आणि डाव्या पायातली चप्पल चिखलात गेली ती गेलीच.

"पायपावरनं येऊ नका ताई, घसरतंय," पलीकडच्या काठावरून आवाज आला. "थांबा तिथंच." एक बाई काठी घेऊन उतरली आणि मला धरून वर नेलं. मंदाताई तिचं नाव. ध्वज बघून मी जयभीम घातला, तिनं घातला, आणि मग आम्ही अर्ध्या तासाच्या ओळखीत जन्मभराचं बोललो. तिनं स्वतःची चप्पल काढून मला दिली आणि आपण अनवाणी चालायला लागली. मागून इरफान आणि मित्राही पाय सांभाळत आले.

घरात कोरा चहा, बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा. आमच्याकडे ज्वारी, यांच्याकडे बाजरी, पण भाकरी थापताना बांगड्यांचा आवाज तोच. बोलता बोलता कळलं, वस्तीत घरोघर फिरून तापाची माणसं वहीत लिहून घ्यायचं काम मंदाताईचंच. इरफान तर उभाच राहिला. म्हणाला, ताई, तुमच्याच वह्या आम्ही वापरल्यात. तिनं फडताळातून वही काढून दाखवली. अक्षर गोल, स्वच्छ. कागदावर काही लिहिलेलं दिसलं की मी वाचतेच, म्हणून वही मी घेतली.

पहिलंच नाव होतं सखूबाई, ओढ्याच्या अलीकडं, चिंचेखाली. मी सहज विचारलं, ही चिंच कुठं आहे?

"ही काय, आमच्या मागंच हाय की."

मी मागच्या दारातून बघितलं. चिंच होती. खाली सखूबाई भांडी घासत होती. मी पुन्हा वहीत बघितलं. पानंच्या पानं, ओढ्याच्या अलीकडं, ओढ्याच्या अलीकडं. वस्तीचं नाव कुठंच नाही. ते का नाही लिहिलं, विचारलं, तर मंदाताई हसली. आपल्याच गावात बसून आपल्या गावाचं नाव कोण लिहितं?

"मग पलीकडं कोण राहतं?" मी विचारलं.

"पलीकडं ते सोसायटीवाले. त्यांच्यात मी कशाला जाऊ वही घेऊन? गेटावरच अडवत्यात."

एका पानावर तिच्या सुनेचं नाव होतं. त्यावर मी बोट ठेवलं तशी तिनं भाकरीची परात बाजूला सारली आणि सांगितलं. भादव्यात ओढ्याला पाणी आलं होतं, पाईप बुडाला होता. सून तापानं फणफणलेली, सातवा महिना. टेम्पोत घालून पुलावरून फिरवून नेली. "पोरगी वाचली," मंदाताई म्हणाली. "पोटातलं न्हाई वाचलं." मग तिनं माझ्या भाकरीवर आणखी ठेचा वाढला.

मी वही मिटून तिच्याजवळ दिली.

वहीतला तो अलीकडं वाचून मला माझीच गोष्ट आठवली होती. लग्न होऊन मी नदीच्या या काठाला आले तेव्हा माझ्या तोंडी अलीकडे म्हणजे माहेरचा काठ. सासू म्हणायच्या अलीकडच्या शेतात जा, आणि मी निघायची नदीकडे. घरात हसायचे. मग पहिल्यांदा माहेरपणाला गेले, आईजवळ बसले होते, आणि सहज म्हणाले, यंदा अलीकडे पाऊस कमी झाला. आईचा भाकरीवरचा हात थांबला. म्हणाली, अलीकडे म्हणजे कुठं गं? मला कळलंच नव्हतं की शब्द नदी ओलांडून गेला. त्या दिवशी आईनं मला पाहुणीसारखं ताट वाढलं.

पुन्हा सदाशिव पेठ

परतताना बसमध्ये मी मित्राला म्हटलं, तुमच्या नकाशात अलीकडे म्हणजे कोणता काठ धरलाय? ती दमलेली होती. म्हणाली, पुण्याकडचा, अर्थातच. मी म्हटलं, मंदाताईचा अलीकडे तिच्या काठाला आहे. तिच्या सुनेचा ठिपका सोसायटीत पडला असणार.

ती खिडकीबाहेर बघत जरा तोडूनच बोलली, तीन महिन्यांचं काम आहे, उद्या सकाळी द्यायचंय, आणि कॉम्प्युटर अशा गोष्टीत चुकत नाही. मला वाईट वाटलं. म्हातारीनं पोरांच्या कामात तोंड घालू नये, हेही पटलं. पण हातात मेथीची जुडी आणि पायात मंदाताईची चप्पल, गप्प कसं बसणार?

"मित्रे, एवढंच सांग," मी म्हटलं. "तुमचा कॉम्प्युटर उभा कुठं आहे?"

ती वळली. माहेरच्याच काठाची पोर ती, पैनगंगेवरची; नदीच्या दोन काठांत कोण अलीकडचं यावरून होणारी भांडणं ऐकतच मोठी झालेली. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला तो मी बघितला. तिनं फोन काढून इरफानला एवढंच सांगितलं, घरी ये, लॅपटॉप घेऊन.

इरफान आला, जिन्यातच सगळं ऐकलं, आणि खाली बसला. पत्ते वाचून प्रत्येकाला नकाशावर जागा द्यायचा कॉम्प्युटरमधला भाग त्यानंच लिहिला होता. त्यानं लपवालपवी केली नाही, त्याचं मला फार कौतुक वाटलं. म्हणाला, "माझ्या डोक्यात अलीकडे म्हणजे पुणं, आत्या. भवानी पेठेत जन्मलो, दुसरीकडे उभं राहून कधी बघितलंच नाही."

मी म्हटलं, चुकलं असेल तर उसवून बघू, उसवायला किती वेळ लागतो? आणि ती दोघं उसवायला बसली. माहिती दोन ठिकाणांहून आली होती. एक बाजारातल्या दवाखान्याची नोंदवही. ती पुण्याकडच्या काठाला बसून लिहिलेली. दुसऱ्या मंदाताईसारख्या बायकांच्या वह्या, घरोघरी बसून लिहिलेल्या. पोरांनी दोन्ही एकाच धाग्यात ओवल्या होत्या. आता त्यांनी त्या वेगळ्या केल्या, आणि प्रत्येक नोंदीला विचारलं, तू कुणाच्या घरात बसून लिहिली गेलीस? मंदाताईच्या वहीतले सगळे अलीकडे त्यांनी ओढा ओलांडून नेले. मी मेथी निवडत होते. तिसऱ्या मुठीला इरफाननं बटण दाबलं.

लाल डाग उठला आणि ओढ्यापलीकडे जाऊन बसला.

बाभूळमळ्यावर थोडासा राहिला, नाही असं नाही. ताप तिथंही होता. पण खरा डाग विटभट्टीवर होता, चिंचेच्या आसपास गच्च. आणि ते चार-पाच एकेकटे ठिपके, ज्यांना गोंगाट म्हणत होते, ते त्या डागाच्या पोटात होते. ती वस्तीतली माणसं, पूल फिरून कसेबसे दवाखान्यापर्यंत पोचलेली. तिथं त्यांनी पत्ता सांगितला होता ओढ्याच्या पलीकडे, आणि तो बरोबर लागला होता. पोचली तेवढीच एकटी दिसत होती. बाकीची पोचलीच नव्हती.

इरफाननं बराच वेळ त्या ठिपक्यांवरून बाण फिरवला. म्हणाला, "गोंगाट नव्हता तो, आत्या. हाका होत्या."

शुक्रवार

शुक्रवारी मित्रा आणि इरफान कंपनीत गेले. तीन महिने एक काठ सांगितला आणि शेवटच्या सकाळी दुसरा सांगायचा, त्यांच्या मॅडम काय म्हणतील? खरा घोर मात्र मॅडमांचा नव्हता. अहवाल मागे पडला आणि ट्रस्टनं बाभूळमळाच पक्का केला तर मंदाताई जन्मभर पूल फिरत राहील, हा घोर होता.

मला घरात बसवेना. खाली ओट्यावर आपटेकाका होते, त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती पेपरची घडी घालून ऐकली, हा मोठा मान, असं मित्रा नंतर म्हणाली. ऐकून झाल्यावर काका म्हणाले, "म्हणजे मी मंगळवारी फुकट सांगितलं तेच. क्लास काढला असता तर पोरांनी वेळेवर ऐकलं असतं." आत गेले आणि माझ्यासाठी चहा घेऊन आले. विचारलंही नाही, घेणार का म्हणून. पुण्यात हे होत नाही म्हणतात. झालं.

दुपारी मित्रा आली. मॅडमांनी आधी विचारलं होतं, हे तीन महिन्यांत का दिसलं नाही? मग बराच वेळ दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बघितले. मग विचारलं, हे सापडलं कुणाला? मित्रानं सांगितलं, माझ्या आत्याला, ती टेलर आहे. मॅडम म्हणाल्या, चूक कशी झाली त्याचं एक पान अहवालात घाला, लपवू नका, पुढच्यांच्या उपयोगी पडेल. ट्रस्टची माणसं म्हणाली, वस्तीत येऊन बघतो, मग ठरवतो. एवढंच. होही नाही आणि नाहीही नाही. मित्रा माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली, लहानपणी पडायची तशी. तिच्या केसांना तेल नव्हतं, ते लावलं.

शनिवारी परतीची गाडी. मंदाताईची चप्पल धुऊन कागदात बांधून इरफानकडे दिली. त्यानं मला आईनं दिलेला शिरखुर्म्याचा डबा दिला, ईद नसताना. काका गल्लीच्या तोंडापर्यंत पिशवी घेऊन आले आणि म्हणाले, आता रस्ता चुकणार नाही ना?

गावी

घरी येऊन मशीनवर बसले, पण डोळे फोनकडे. ट्रस्टची माणसं वस्तीत गेल्याचं मित्रानं कळवलं. मंदाताईनं त्यांना पुलावरून न आणता मुद्दाम पाईपवरून आणलं, त्यांच्यातला एकजण घसरला, हेही कळवलं. मी हसत हसत दोन बाह्या उलट्या जोडल्या आणि उसवल्या. मग बरेच दिवस काही नाही.

परवा फोटो आला. चिंचेजवळ दोन खोल्या, भिंतीला नवा चुना, दारात मंदाताई आणि तिची सून. वर पाटी. पाटीवर पत्ता काय घालायचा यावरून म्हणे वाद झाला होता. ट्रस्टवाल्यांना सर्व्हे नंबर हवा होता. मंदाताई म्हणाली, तो नंबर आमच्यातल्या कुणाला माहीत नाही, कुणी विचारलं तर आम्ही सांगतो तेच घाला. तेच घातलं आहे, मोठ्या अक्षरांत: दवाखाना, विटभट्टी वस्ती, ओढ्याच्या अलीकडे.

मी चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला. पाटीच्या मागं ओढा दिसतो, तो पाईप दिसतो. आणि ओढ्याच्या पलीकडे, लांब, पुणं.